‘सौ.’ लावून केलेली सही

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण एका हॉस्पिटलच्या फाईलमधला एक पानी कागद अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे, आणि त्याचा विषय निघाला की घरातली माणसं मला पाणी आणून देतात.

मी इंग्लंडच्या पोलिसांत तीस वर्षं काढली. शेवटची बारा मँचेस्टरच्या बाजूला, डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून. वडील नोकरीसाठी इकडे आले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मराठी टिकलं ते आईच्या हट्टामुळे. दर रविवारी शुद्धलेखन असायचं आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहावा लागायचा. ठाण्यात या मराठीचा मला काडीचा उपयोग झाला नाही. एकदाच झाला, तो या केसमध्ये.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. एका जीपीचा, म्हणजे आमच्याकडच्या फॅमिली डॉक्टरचा, ठाण्यावर फोन आला. त्या बाई म्हणाल्या, “माझी एक पेशंट म्हणते, हॉस्पिटलच्या संमतिपत्रावरची सही तिची नाही.” आमच्या इन्स्पेक्टरला हे प्रकरण नको होतं. हॉस्पिटलच्या तक्रारी हॉस्पिटलने बघाव्यात, असं त्याचं मत. पण खोटी सही म्हटल्यावर नोंद करणं भाग होतं. त्याने कागद माझ्या टेबलावर टाकला. “तुमच्याकडची बाई आहे. तूच बघ.” हे ‘तुमच्याकडची’ मी तीस वर्षं ऐकलं. पेशंट बांगलादेशी असती तरी तो हेच म्हणाला असता.

मी जीपीच्या दवाखान्यात गेलो. तक्रारदार बाई तिथेच आल्या होत्या. वय एकोणतीस, सांगलीकडच्या. नवरा आयटीतला, सोमवार ते शुक्रवार बेसिंगस्टोकला क्लायंटकडे, शुक्रवारी संध्याकाळच्या ट्रेनने घरी. थोरली मुलगी भारतात जन्मलेली, धाकटा मुलगा इथे, दीड वर्षापूर्वी, सीझर करून. त्यांना तिसरं मूल हवं होतं. वर्षभर दिवस राहिले नाहीत म्हणून त्या जीपीकडे आल्या, आणि जीपीने फाईल उघडून सांगितलं की दिवस राहणारच नाहीत. सीझरच्या वेळीच त्यांच्या नळ्या बांधल्या होत्या.

“तुम्हाला घरी जाताना काही कागद दिला नव्हता?” मी मराठीत विचारलं.

त्या दचकल्या. इंग्लंडचा पोलीस मराठी बोलेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. मग पिशवीतून एक प्लास्टिकचं फोल्डर काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

“दिला होता ना. मी डिक्शनरी घेऊन वाचला पण होता. त्यात स्टरिलायझेशन लिहिलंय. आमच्याकडे किचनमध्ये बाळाच्या बाटल्यांचा स्टरिलायझर आहे, त्याच्यावर तोच शब्द. मला वाटलं, ऑपरेशनची हत्यारं उकळून घेतली असं लिहिलंय. म्हटलं, किती काटेकोर लोक आहेत.”

दीड वर्ष तो कागद त्यांच्या कपाटात होता. मी ते वहीत लिहून घेतलं आणि हॉस्पिटलकडे अर्ज केला.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. त्या वेळी देशभर नवी छापील संमतिपत्रं सुरू झाली होती. कागद म्हणून फॉर्म उत्तम होता, हे कबूल करतो. कोणतं ऑपरेशन, फायदा काय, धोका काय, सगळ्याला जागा. दुभाष्याने ‘मी हे पेशंटला समजेल अशा भाषेत सांगितलं आहे’ म्हणून सही करायची चौकटसुद्धा होती. फॉर्म ज्याने बनवला त्याने विचार केला होता. तो भरणाऱ्याने केला नव्हता. दुभाष्याची चौकट कोरी होती. ऑपरेशनच्या जागी डॉक्टरने सीझर लिहून, अधिकचं चिन्ह काढून, पुढे नळ्या बांधण्याची शस्त्रक्रिया लिहिली होती. वर पेशंटचं छापील लेबल चिकटवलेलं. आणि खाली, पेशंटच्या सहीच्या रेघेवर, देवनागरीत एक नाव.

हॉस्पिटलच्या कायदेविभागातल्या माणसाने तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि निर्धास्तपणे म्हणाला, “बघा, तिच्या भाषेत सही आहे. आता ती नाही म्हणते, त्याला आम्ही काय करणार?”

त्या इमारतीत तो कागद निदान सहा जणांनी हाताळला होता आणि एकालाही ते नाव वाचता येत नव्हतं. परकी अक्षरं दिसली, म्हणजे परक्या बाईची सही असणार, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं होतं. मी वाचलं. खरी नावं इथे देणार नाही, समजण्यापुरती दुसरी घालतो. लेबलवर नाव होतं वनिता. सही होती ‘सौ. शीतल’, पुढे आडनाव.

माझ्या शेजारी बसलेल्या कॉन्स्टेबलने विचारलं, “काय झालं, सार्ज?” माझा चेहरा बदलला असावा.

मराठी वाचकाला एव्हाना उमगलं असेल. बाहेर पडल्यावर त्या पोराला मी गाडीत बसून समजावलं. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलण्याची पद्धत आहे. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात नवं नाव लिहितो. ते सासरचं नाव. पासपोर्टवर, शाळेच्या दाखल्यावर जुनंच राहतं. आणि दुसरं, ‘सौ.’ आपण दुसरीच्या नावाआधी लावतो, लग्नपत्रिकेवर, पाकिटावर. कळा देणारी बाई सही करताना स्वतःला ‘सौ.’ लावत बसत नाही. तिसरी गोष्ट कुठल्याही पोलिसाला दिसली असती. अक्षर गिरवल्यासारखं सरळ होतं, शिरोरेघ पट्टीने मारावी तशी. नोंदींप्रमाणे त्या वेळी बाईच्या उजव्या हाताला सलाईनची सुई होती आणि दर तीन मिनिटांनी कळ येत होती. ते नाव आरामात बसून लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वनिताबाईंना कागद दाखवला. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवून नाव वाचलं.

“हे नाव मी कधीच लिहीत नाही. सह्या सगळ्या वनिताच. शीतल फक्त घरात म्हणतात.”

“घरात कोण?”

“नवरा नाही म्हणत, तो वनीच म्हणतो. त्याला देवनागरी नीट लिहितापण येत नाही, इंग्लिश मीडियमचा आहे.” कोण म्हणतं हे त्यांना सांगायचं नव्हतं, आणि मीही त्यांच्या तोंडून वदवून घेतलं नाही. बाळंतपणासाठी सासूबाई भारतातून आल्या होत्या. नंतर परत गेल्या आणि त्या वर्षी पुन्हा आल्या होत्या. त्याच घरात, वरच्या खोलीत.

शुक्रवारी संध्याकाळी नवरा बॅग घेऊन थेट ठाण्यात आला. भला मुलगा, घामाघूम झालेला. “सर, प्लीज, केस विथड्रॉ करता येते का? आई आहे हो माझी. तिला इथलं काहीच माहिती नाही. वनीला मी समजावतो.”

“तुम्ही काय समजावणार?”

“की, म्हणजे, झालं ते झालं. दोन मुलं आहेत ना, छान आहेत.”

मी त्याला घरी जायला सांगितलं. मारहाण करणाऱ्या नवऱ्यांशी मी शांतपणे बोलू शकत असे. या सभ्य माणसाशी शांत राहायला मला फार कष्ट पडले.

सासूबाईंची चौकशी रीतीने झाली. कायद्याने संशयिताला त्याच्या भाषेचा दुभाषा द्यावाच लागतो, आणि तपास करणारा अधिकारी स्वतः दुभाषा होऊ शकत नाही. मला मराठी येत असूनही लीड्सहून एक मराठी बाई बोलवावी लागली. शिवाय फुकट वकील. शिवाय टेपरेकॉर्डरमध्ये दोन कॅसेट, एक तिथल्या तिथे सीलबंद. शिवाय अटक नसल्याने कधीही उठून जाण्याचा हक्क, तोही मराठीतून समजावलेला. हे सगळं एका नावाबद्दल चार प्रश्न विचारण्यासाठी. आणि जिच्या पोटावर सुरी चालवायची, कायमच्या नळ्या बांधायच्या, तिच्यासाठी कुणी दुभाष्याला साधा फोन केला नव्हता. खिसेकापूला इथे दुभाषा मिळतो. बाळंतिणीला मिळाला नाही. त्या खोलीत बसून मला याची इतकी चीड आली की पहिला प्रश्न विचारायला वेळ लागला.

सासूबाई बासष्टच्या. कॉटनची साडी, वर मुलाचं जाड जॅकेट. घाबरलेल्या होत्या, पण लपवाछपवी नव्हती.

“नाव मीच लिहिलं,” त्या म्हणाल्या.

“सुनेची सही तुम्ही का केली?”

“सही नाही केली मी. नाव लिहिलं. त्या गोऱ्या बाईने कागद पुढे केला, म्हणाली, नेम, नेम. पेशंट नेम. मला एवढं इंग्लिश कळतं. म्हणून सुनेचं नाव लिहिलं. सही करायची असती तर माझी केली असती. दुसऱ्याची सही करायला मी काय चोर आहे का?”

“पण परवानगी सुनेची हवी होती.”

“दवाखान्यात घरातली मोठी माणसंच सांगतात हो. माझ्या वेळी माझ्या सासूबाईंनी अंगठा उठवला होता. आडव्या बाईला कोण विचारतं?”

मग मी ऑपरेशनचं विचारलं, आणि केसचा खरा गुंता तिथे सुटला. डॉक्टरने येऊन त्यांना सांगितलं होतं की ऑपरेशन करावं लागेल. त्याला म्हणायचं होतं सीझर. आता त्या पिढीच्या आपल्या बायकांत सीझर म्हणजे सीझर, आणि नुसतं ‘ऑपरेशन’ म्हणजे एकच, मुलं थांबवण्याचं. ‘तिने ऑपरेशन करून घेतलं’ म्हटलं की कुणी ‘कसलं?’ म्हणून विचारत नाही. सासूबाईंना वाटलं, डॉक्टर विचारतोय तेही करू का. त्या म्हणाल्या, सीझर येस, ऑपरेशन येस. डॉक्टर चक्रावला. त्याने बोटांची कात्री करून दाखवली, ‘टू चिल्ड्रन, फिनिश?’ असं विचारलं. त्यांनी मान हलवली. वर तो असंही म्हणाला की तिसऱ्या वेळी धोका असतो. तेवढं ‘डेंजर’ त्यांना बरोबर कळलं.

“माझी थोरली जाऊ तिसऱ्या बाळंतपणात गेली,” त्या म्हणाल्या. “मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मुलगा झालाय, आता सून जगू दे, एवढंच माझ्या मनात होतं.”

“नंतर सुनेला सांगितलं का नाही?”

त्यांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. टेप फिरत होती.

“आधी वाटलं, तिला माहिती असेल. तिचंच पोट ना. यंदा आले तर ती दर महिन्याला तारखा मोजताना दिसली. तेव्हा कळलं, तिला माहितीच नाही. मग कुठल्या तोंडाने सांगू?”

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. वर्षानुवर्षं पोलिसात राहून एक पाहिलं आहे, माणूस वाईट कृत्यापेक्षा नंतरच्या गप्प राहण्यातच जास्त अडकतो. पण माझा खरा राग त्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाईवर नव्हता.

सीझरच्या दिवशी तो कागद पुढे करणारी वॉर्डवरची सुईण आता दुसऱ्या हॉस्पिटलात होती. तिने निदान खरं सांगितलं. “ऑपरेशन थिएटरमधून तीनदा फोन आला होता, फॉर्म कुठे आहे म्हणून. फॉर्मशिवाय पेशंटला आत घेत नाहीत. मला कागदावर काहीतरी हवं होतं.” मी विचारलं, पेशंट किती लांब होती? “पडद्याच्या पलीकडे. ती ओरडत होती. सासू शांत होती, म्हणून तिला दिला.” हे सांगताना ती रडली. मी ते जबाबात लिहिलं नाही, लिहायची पद्धत नाही.

डॉक्टर रडला नाही. बोलायला सौजन्यमूर्ती. “सार्जंट, कुटुंबाशी सविस्तर चर्चा झाली होती. त्या समाजात निर्णय कुटुंब घेतं, आम्ही त्याचा आदर करतो.”

“तुम्ही तिला विचारलंत का?”

“ती विचारण्याच्या अवस्थेत नव्हती.”

“सीझर लगेच करायला हवं होतं, मान्य. नळ्या बांधायची घाई कुणाला होती?”

तो म्हणाला, “फॉर्मवर सही होती.”

हा आदर मला चांगला माहीत आहे. समोरच्या बाईशी बोलायचा कंटाळा आला की तिच्या समाजाचा आदर करायचा. माझ्या आईलाही इथल्या एका डॉक्टरने असाच आदर दाखवला होता, सगळं वडिलांशी बोलून. ती बाहेर येऊन म्हणाली होती, “दुखतंय मला आणि सांगतोय ह्यांना.”

आठ आठवड्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयातून फाईल परत आली. सासूबाईंचा फसवण्याचा हेतू नाही, म्हणून खोट्या सहीचा गुन्हा नाही. डॉक्टरला सही खरी वाटली, म्हणून इजेचा गुन्हा नाही. खटला नाही. कायद्याप्रमाणे त्यांचं चुकलं नव्हतं, आणि तरीही तो कागद वाचून मी फाईल टेबलावर इतक्या जोराने आपटली की पलीकडच्या खोलीतून इन्स्पेक्टर बघायला आला. एका बाईचा आयुष्यभराचा निर्णय तिच्याशिवाय झाला होता, आणि त्याला जबाबदार कुणीच नव्हतं. प्रत्येकाने आपापली चौकट भरली होती.

एक वाट उरली होती. डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे तक्रार. आमचा तपास त्यांना देता येणार होता, पण त्याला बाईंची लेखी परवानगी हवी. मी केसचा एक पानी गोषवारा आणि परवानगीचा छापील फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलो. शेवटच्या रेघेसमोर पेन्सिलने फुली मारून ठेवली होती, ठाण्यात आम्ही तशीच मारतो. सासूबाई भारतात परतल्या होत्या. नवरा मुलांना घेऊन पार्कमध्ये गेला होता.

“इथे सही करा,” मी म्हणालो. “नुसती फॉर्मॅलिटी आहे.”

वनिताबाईंनी पेन घेतलं नाही. “आधी वाचून दाखवा. मराठीत.”

मी गोषवारा वाचायला लागलो. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं. मी लिहिलं होतं की बाईंना तिसरं मूल हवं असल्याने त्यांचं मोठं नुकसान झालं आहे.

“सर, मला तिसरं नको असतं, तर चाललं असतं का?”

“नाही.”

“मग ते काढा. सगळे मला तेच विचारतात, दोन आहेत ना, अजून कशाला. मूल हवं की नको ते मी आणि नवरा बघू. मला विचारलं नाही, एवढंच लिहा. लग्नात नावसुद्धा न विचारता बदललं, पण ते मी परत लावू शकते.”

मी ते वाक्य खोडलं. मग फॉर्म वाचला. त्यात ‘पेशंटच्या सर्व वैद्यकीय नोंदी’ देण्याची परवानगी होती.

“सर्व म्हणजे कुठल्या?”

मला माहीत नव्हतं. शेकडो लोकांकडून मी त्या फॉर्मवर सह्या घेतल्या होत्या आणि ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचत होतो. त्यांच्या किचनमधून ऑफिसला फोन लावला. उत्तर आलं, सर्व म्हणजे सर्व, या देशात आल्यापासूनच्या. त्या म्हणाल्या, फक्त त्या दिवसाच्या द्या. मी हाताने दुरुस्ती केली, त्यांनी ती दुरुस्ती अक्षर अक्षर वाचली आणि मग खाली वनिता अशी सही केली. एका सहीला सव्वा तास लागला.

“तुम्ही पण वाचला नव्हता ना?” पेन परत देताना त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

“नव्हता,” मी म्हणालो.

वर्षभराने हॉस्पिटलचं पत्र आलं, ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल’ दिलगिरी व्यक्त करणारं. गैरसोय म्हणे. गैरसोय लिफ्ट बंद पडल्यावर होते. डॉक्टरला समज मिळाली, असं ऐकलं. पुढे त्या हॉस्पिटलने फॉर्ममध्ये आणखी एक चौकट वाढवली. ती तरी कुणी भरतं की नाही, देव जाणे.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं की मला डॉक्टरला शिव्या घालायला आवडतं, आणि मी घालतोही. पण पूर्ण खरं सांगायचं तर तो आणि मी एकाच जातीचे कामगार होतो. आम्हाला माणसाचं उत्तर नको असतं, सही हवी असते. विचारणं म्हणजे समोरची व्यक्ती नाही म्हणू शकते हे मान्य करून विचारणं, आणि ती नाही म्हणाली तर कोरा कागद घेऊन परत येणं. माझ्या सगळ्या नोकरीत मी कोरा कागद घेऊन एकदाही परत आलो नव्हतो.